गाडीचा खांदा

सिनेमा तुम्ही पाहिला असेल किंवा नसेल. पाहिला असेल तर शेवटी ती लाल गाडी मुरमाच्या उंचवट्यावरून उडते आणि पलीकडे चिखलात आदळते, तेव्हा तुम्हीही खुर्चीचा हात घट्ट धरला असेल. मी अख्खा पोळ्याचा आठवडा तसाच काढला, कारण गाडीत आमचा यशोधन होता. साऱ्या महाराष्ट्राचा हिरो असेल तो; माझा भाचा आहे. अकोल्याहून येऊन राजापेठेत आमच्या घरी राहून त्यानं अकरावी-बारावीचे क्लास केले. केले म्हणजे, केले असं तो सांगतो. फिजिक्सच्या क्लासला म्हणून निघायचा आणि माझी स्कूटर राजापेठेच्या गर्दीतून अशी काढायचा की भाजीवाल्या दुसऱ्या दिवशी मला सुनवायच्या, “मॅडम, तुमच्या पोराले आवरा!”

सिनेमा लागला तेव्हा मुंबईच्या मोठ्या कार्यक्रमात त्याला नांदगावकडच्या एका शेतकरी बाईला, मैनाबाईला, स्टेजवर बोलवायचं होतं. ती काही गेली नाही. कापूस वेचायला आला होता ना! “मंबईले कायले येऊ? कापूस कोन वेचन?” असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. म्हणून म्हटलं, तिचे आभार निदान मी तरी चारचौघांत मानून टाकावे. आपल्याला काही स्टेज लागत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलंय, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

तर झालं असं. यशोधनला मोटारींच्या शर्यतींचा सिनेमा करायचा होता. आजचं नाही हे, नाव झालं त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात तेच. मुंबईत कोणी हात लावेना. मराठीत मोटारीची शर्यत कोण पाहणार, त्यात गाणी कुठे, नाच कुठे! मग दुसऱ्यांच्या सिनेमांत नाचून जे मिळवलं ते यानं यात ओतलं. दिवाळीला घरी आला की फराळाच्या ताटात शंकरपाळ्यांची वळणं मांडायचा. “हे बघ आत्या, सगळे इथं ब्रेक मारतात. मारायचा इथं. इथं!” मी म्हणायची, “खा आणि गप बैस.” पण खरं सांगते, असं बोलताना त्याचा चेहरा बारावीतला व्हायचा. पोस्टरवर तो चेहरा कधी दिसला नाही मला.

सिनेमातला ड्रायव्हर आपल्या वऱ्हाडातला, म्हणून शूटिंगही इथंच हवं, आणि पावसाळ्यातच हवं, चिखल पाहिजे म्हणून. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याची काळी जमीन आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला बरड, म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. ते बरड त्यानं शर्यतीच्या रस्त्यासाठी दिलं. “तसंही तिथी दगडच पिकते,” म्हणाला. मैनाबाई ही त्याची बायको.

शूटिंग संपत आलं आणि मला अकोल्याहून वहिनीचा फोन आला. शकुनवहिनी म्हणजे यशोधनची आई. ती कधी रडत नाही. त्या दिवशी ‘कशा आहात’ही न विचारता सुरू झाली. “वन्सं, शेवटची उडी तो स्वतः मारतो म्हणतोय. त्या कामाला वेगळी माणसं असतात ना हो? तुमचं ऐकतो तो. त्याला त्या गाडीतून उतरवा.”

“उतरवते,” मी म्हटलं. “कान धरून उतरवते.”

आणि एस.टी.त बसून नांदगावला गेले.

पुंजारामच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीचा मांडव घालून गाडीचं गॅरेज केलं होतं. एकीकडे बैलजोडी, एकीकडे ती लाल गाडी. यशोधन आला, पाया पडला. वाळला होता. मी काही घुमवून बोलत नाही. म्हटलं, “उडी दुसऱ्याला मारू दे.”

“आत्या, सगळा सिनेमा मी चालवला. शेवटची उडी दुसऱ्यानं मारली, तर लोकांसमोर कोणत्या तोंडानं जाऊ?”

“आहे त्याच तोंडानं. ते शाबूत राहावं म्हणून तर बोलून राहिली!”

तो हसला. असा हसला की मला कळलं, हे काही ऐकायचं नाही. उडी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. कॅमेरे भाड्याचे, ते परवा मुंबईला दुसऱ्या कामावर जाणार होते. तंबूखाली गोवर्धन नावाचा त्यांचा व्यवस्थापक फोनवर सारखा ओरडत होता, “उद्या म्हणजे उद्याच!”

त्या ओरड्यानंच मैनाबाई बाहेर आली. हात हळदीनं पिवळे, एका हातात गरम पाण्याची बादली. ठेंगणीशी बाई, पण उभी राहिली की बाजूची जागा आपोआप मोकळी होते.

“उद्या काय हाय म्हनते हा?”

“उद्या शेवटची उडी, काकू,” यशोधन म्हणाला.

“उद्या पोया हाय. उद्या आमच्या वावरात काहीच जुपल्या जात नाई.”

घ्या! मुंबईत बसून ज्यानं कोणी तारखा लावल्या, त्याला पोळा कुठून दिसणार? आणि आमचा हिरो अकोल्याचा असून त्याच्याही डोक्यातून गेला होता. गोवर्धन धावत आला. “बाई, ही गाडी आहे. बैल नाही.”

“वढते ना?”

“ओढते म्हणजे... चालते.”

“मंग झालं. वढते थे बैलच.”

पुंजाराम बाजेवर बसून बैलांच्या शिंगांना रंग देत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. “आमचा ट्रॅक्टर बी उद्या उभाच रायते, साहेब. बापाच्या वक्तापासून हाय हे.”

गोवर्धन कपाळाला हात लावून उभा राहिला. आणि मी? मी काही सण-बिण मानणारी बाई नाही, पण आयती संधी कोण सोडतो! मी ठणकावून म्हटलं, “बरोबर बोलतात बाई. उद्या नको. परवाही नको.”

“आत्या,” यशोधन म्हणाला, “तू पोळा कधीपासून मानायला लागलीस?”

“आत्तापासून. काहून? काही हरकत?”

तो थोडा वेळ त्या उंचवट्याकडे बघत राहिला. आजवरची सारी धडपड त्या एका उडीवर आली होती, आणि हातात उद्याचा एकच दिवस होता. मला वाटलं आता भांडेल. तो मैनाबाईकडे वळून म्हणाला, “चुकलं काकू. मला आठवायला पाहिजे होतं. उद्या गाडी उभी राहील.” गोवर्धन फोन घेऊन तावातावानं तंबूकडे गेला. तेव्हा मला माझ्या भाच्याचा फार अभिमान वाटला, पण बोलले नाही. बोलले असते तर चढून बसला असता.

आता पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सुजतात, सोलतात. ते गरम पाण्यानं शेकायचे, हळद कालवलेलं लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मैनाबाईनं दोन्ही बैलांचं केलं. हळूहळू, लेकराला माखावं तसं. मग लोण्याची वाटी घेऊन सरळ गाडीपाशी गेली.

“याचा खांदा कोठी हाय?”

रोहित नावाचा मेकॅनिक तिथं होता, पुण्याचा पोरगा. तो खो खो हसला. “काकू, गाडीला खांदा नसतो.”

“अस्सं कसं? वढते तं खांदा असनच. भार कोठी पडते, थे सांग.”

रोहितचं हसू थांबलं. तो खरंच विचार करायला लागला. गाडी उचलून ठेवलेली होती, पुढची चाकं काढलेली. आत हात घालून त्यानं एक जाड लोखंडी दांडा दाखवला. चाक त्याच दांड्याला धरून असतं म्हणे. “उडी मारून गाडी खाली आली की सगळा भार इथं येतो.”

“मंग थोच खांदा,” मैनाबाई म्हणाली. “याच्या घरची मोठी बाई कोन हाय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगदी बैलसुद्धा.

“मी?” मी म्हटलं. “मी नाही हं असलं काही करणार. लोखंडाला लोणी! काहीतरीच!”

“तुमीच तं म्हनलं, बाई बरोबर बोलते म्हनून,” मैनाबाई म्हणाली. यशोधन गालात हसत होता. स्वतःच्या तोंडानं अशी पकडले गेले! घेतली वाटी. पदर खोचला, खाली बसले आणि रागारागानं चोळायला लागले. करपलेली कढई घासावी तशी घासून राहिली होती मी, आणि तोंडानं चालूच होतं: शिकली-सवरलेली माणसं, मोटारीला लोणी लावून राहिली, उद्या पेट्रोलऐवजी ताक पाजा! पोरं तोंडावर हात धरून हसत होती.

“आता पुसून घ्या जी,” मैनाबाईनं जुन्या लुगड्याचा धडपा दिला. “राह्यलं तं माश्या बसते.”

पुसलं. दांडा लख्ख झाला. फक्त एका जागी, वाकणाजवळ, पिवळी रेघ राहिली. शिवायच्या दोऱ्याएवढी. मी बोटाला कापड गुंडाळून ती घासली. गेली. कापड बाजूला केलं तर परत दिसायला लागली. पुन्हा पुसली. पुन्हा आली. म्हटलं, हे काय त्रांगडं!

“रोहित, गाडी नीट धुतलीसुद्धा नाही का रे तू?”

“दुपारीच धुतली आत्या. बॅटरी मारून सगळं तपासलं.”

“मग ही रेघ काहून जात नाही?”

तो वाकला. त्यानं बॅटरी मारली. नखानं त्या रेघेवरून सावकाश ओढलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

“सर,” त्यानं यशोधनला हाक मारली, “तडा आहे. लोणी आत गेलंय. म्हणून पुसलं तरी बाहेर येतंय.”

हसणं एकदम बंद झालं. मी विचारलं, “उद्या उडी मारली असती तर काय झालं असतं?”

रोहित नुसती बॅटरी बंद-चालू करत राहिला. मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, “विचारलंय मी!”

“चाक तिथंच राहिलं असतं, आत्या,” रोहित म्हणाला. “गाडी पुढं गेली असती.”

तिथंच बैलाच्या गव्हाणीला टेकून मी बसले आणि भडाभडा रडले. लाज नाही, काही नाही. हात हळदीचे, तेच डोळ्यांना लावले, डोळे चुरचुरले, म्हणून आणखी रडले. यशोधन गाडीजवळ जमिनीवर बसला होता, त्या रेघेकडे बघत. मग उठला आणि मैनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आरे, उठ रे बाप्पा!” ती मागं सरली. “म्या काय केलं त्याच्यात? सालभर वढते मुकं. एक दिस त्याले कोठी दुखते, थे पाहाले नको?”

मग त्याला उठवता उठवता तिचा हात त्याच्या खांद्याला लागला, आणि तो कळवळला. थोडाच, पण मी पाहिलं.

“काय झालं रे?”

“काही नाही आत्या.”

“शर्ट काढ.”

“आत्या, सगळे आहेत इथं.”

“लहानपणी अकोल्याला अंगणात नागडा आंघोळ करायचास तेव्हा अख्खी आळी होती. काढ म्हणते ना!”

काढला त्यानं. देवा रे! दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ, आणि मधे कातडी सोललेली. गाडीत बांधून घ्यायचे पट्टे जिथं आवळतात तिथं. शेजारी बैल उभे होते, त्यांचीही जागा तीच. “पट्टे घट्टच लागतात आत्या,” तो म्हणाला, “सैल ठेवले तर आदळल्यावर मान जाईल.” किती वेळा फोन केला असेल मी त्याला! दर वेळी एकच: सोड, नको, उतर. दुखतं का रे, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

मैनाबाईनं वाटी माझ्यापुढं धरली. तळाला थोडं उरलं होतं. या वेळी मी हळू चोळलं. तो डोळे मिटून बसून राहिला.

पोळ्याच्या दिवशी नवा दांडा नागपूरहून निघाला आणि तिवश्यावरून येता येता दुपार झाली. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर गोवर्धननं स्वतःच मुंबईला फोन लावला आणि हातापाया पडून आणखी एक दिवस मागून घेतला. आदल्या दिवशी ओरडणारा माणूस, सकाळी बैलांना आंघोळ घालायला बादल्या भरत होता. संध्याकाळी गावात तोरणाखाली बैल उभे राहिले, आणि आमच्या गाडीवरही पुंजारामनं एक जुनी झूल टाकली. सगळ्यात जास्त फोटो तिचेच निघाले.

तेवढ्यात वहिनीचा फोन. “वन्सं, उतरवलंत का त्याला?”

मी तिला काही लपवलं नाही. तडा सांगितला, लोणी सांगितलं, खांदे सांगितले. ती पलीकडे रडली. आता बघा, माझ्या हातात केवढं कारण होतं! एवढं झालं, आता तरी उतर, असं म्हटलं असतं तर कदाचित तो ऐकलाही असता. साऱ्या युनिटसमोर मोडता आला असता मला त्याला. पण आदल्या दिवशी एवढं सगळं पणाला लागलेलं असताना तो पोळ्यासाठी थांबला होता. आणि शंकरपाळ्यांची वळणं मांडणारा तो चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

“वहिनी,” मी म्हटलं, “तो बसणारच. मी आज त्याचे खांदे शेकणार आहे. आणि त्याला आवतन देणार आहे.”

पलीकडे तिच्या बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, “म्हणजे उद्या तो जेवायला येणार.”

“येणार.”

“मग मीही येते. सकाळीच निघते अकोल्याहून.”

दिवेलागणीला मी स्वतःच चुलीवर पाणी ठेवलं. मैनाबाईनं हळदीची डबी पुढं सरकवली. यशोधन बाजेवर बसला. मी त्याचे खांदे शेकले, लोणी-हळद लावली. मला असलं काही बोलता येत नाही हो. आमच्या घरात माया म्हणजे रागावणं. पण मी वाकले आणि त्याच्या कानाशी म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. माझा हळदीचा हात धरून म्हणाला, “येतो, आत्या.”

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी मैनाबाईच्या ओसरीवर बसलो. उंचवटा तिथून दिसतो, पण आम्ही त्याच्याकडे पाठ केली होती. मैनाबाई आत पुरणाच्या पोळ्या लाटत होती. पोळा झाला होता, तरी तिनं पुन्हा पुरण घातलं होतं. इंजिनाचा आवाज सुरू झाला. वाढत गेला. वहिनीनं माझं मनगट आवळलं, तिच्या बांगड्या रुतल्या मला. मग आवाज एकदम बदलला. चाकं जमिनीवर नसली की मोटार कशी ओरडते, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आत लाटणं थांबलं.

धाडकन आवाज झाला. आणि मग माणसांचा जो आरडाओरडा सुरू झाला, त्यात शिट्ट्या ऐकू आल्या, तेव्हा मी उंचवट्याकडे तोंड फिरवलं. वहिनी दोन्ही हात जोडून नुसती हलत होती.

मांडवाकडून सगळे त्याला हाका मारत होते, सर, शॉट बघा, सर, मॉनिटरवर या! त्यासाठीच तर एवढी वर्षं घातली होती त्यानं. तो तिकडे गेलाच नाही. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला, हेल्मेट काखेत, तो सरळ ओसरीकडे आला. आईच्या पाया पडला, आणि माझ्यापुढं उभा राहिला.

“आवतन होतं,” म्हणाला. “आलो.”

“हात धू आधी,” मी म्हटलं.

तो हात धुऊन पाटावर बसला. मैनाबाईनं ताट आणलं, गरम पोळी, वर तुपाची धार. त्याच्यापुढं ठेवेल असं वाटलं, तर तिनं ते माझ्या हातात दिलं.

“तुमी वाढा जी,” ती म्हणाली. “आवतन तुमी देलं होतं.”